पाठ ठीक आहे, बाई

"डावीकडे," पैलवान म्हणाला आणि पट्टी उजवीकडे वळला.

दोघांच्या मधे एका दुकानाच्या दर्शनी भागाला बसवायची भली थोरली काच होती. ती गर्रकन वाकडी झाली, तिचा कोपरा कारखान्याच्या दाराच्या लोखंडी चौकटीवर जाऊन आपटणार एवढ्यात पैलवानाने दुसरं काही न सुचून आपला पंजा मधे घातला. काच वाचली. पंजा मात्र हातमोज्यासकट फाटला.

"ठेव खाली. हळू. हळू म्हणतोय ना!"

काच लाकडी घोडीवर नीट टेकली, मगच पैलवानाने हातमोजा काढून तळहाताकडे पाहिलं आणि तो मटकन जमिनीवर बसला. नावाने पैलवान, अंगानेही तसाच, पण रक्त दिसलं की त्याच्या पायांतलं बळच जाई. एरवी यावर कारखान्यात आठवडाभर हशा पिकला असता आणि पहिला हसला असता तो पट्टीच. आज तो नुसता उभा राहिला. धावत जाऊन कापूस आणला तो टेम्पोच्या ड्रायव्हरने.

"लक्ष कुठं होतं तुझं?" पैलवानाने डोळे गच्च मिटूनच विचारलं.

"इथंच होतं की."

"इथं असतं तर मी असा जमिनीवर बसलो नसतो, लेका."

पट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. हातात कायम मापाची पट्टी, अंगकाठीही तशीच सरळसोट, म्हणून कुणीतरी कधीतरी ते नाव चिकटवलं आणि ते पक्कं बसलं. रागावली की बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारी. काच कापणं हे त्याचं काम, पण मोठी काच उचलायची वेळ आली की एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला पैलवान, हे ठरलेलं. त्यात दोघांना एकमेकांकडे बघता येत नाही. डोळे काचेच्या कडेवर असतात. सगळा भरवसा आवाजावर. एकाने "डावीकडे" म्हटलं की दुसऱ्याचे पाय आपोआप डावीकडे जायचे, मधे विचार करायला कुणी थांबत नसे. गेली कितीतरी वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

हल्ली मात्र पट्टीच्या डोक्यात काहीतरी बिनसलं होतं. कधीपासून, ते त्यालाही नेमकं सांगता आलं नसतं. सकाळी जाग यायची ती थकलेलीच. पाय पलंगाखाली टाकायचे एवढ्या साध्या गोष्टीसाठी स्वतःची मनधरणी करावी लागायची. जेवण समोर आलं की ते संपवायचं कसं याचं ओझं वाटायचं. बायको काहीतरी गमतीचं सांगायची, शब्द कळायचे, पण हसू कुठेतरी वाटेतच बसून राहायचं. आणि याला कारण काही नव्हतं, हीच तर खरी पंचाईत. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं, काम होतं, डोक्यावर छप्पर होतं. कुणी "काय झालं?" असं विचारलं असतं तर तो काय सांगणार होता? काहीच झालं नव्हतं आणि ते सहन होत नव्हतं.

बायको शिवणकाम करायची. कपड्याची शिवण कुठे उसवायला लागली आहे हे तिला लांबूनही दिसे. तिनेच एक दिवस त्याला जवळजवळ ढकलत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला येऊन बोलायला सांगितलं आणि म्हणाल्या, "बरे व्हाल. वेळ लागेल. मधे मधे वाईट दिवस येतील, तेव्हा स्वतःशी मारामारी करू नका. सुट्टी घ्या."

सुट्टी घ्या म्हणणं सोपं होतं. कारखान्यात काय सांगायचं, याची गोळी काही त्यांनी दिली नव्हती.

म्हणून पट्टीने सुट्ट्या घेतल्या त्या पाठीच्या नावावर. मग पोटाच्या. दाढेच्याही. आणि एकदा तर काहीच न सुचून त्याने फोनवर मामांना मारून टाकलं.

पैलवानाची जखम वरवरची निघाली, दोन टाक्यांवर भागलं. तो दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाला आणि आपण रक्त बघून बसलोच नव्हतो, असं सगळ्यांना पटवत फिरला. पण पट्टीचं मन त्या दाराच्या चौकटीपाशीच अडकून पडलं. तो कोपरा अजून थोडा पुढे गेला असता तर? मग सोमवार उजाडला आणि त्याला उठवेना.

"आज वाचनालयाची काच बसवायची आहे," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मला नाही जमायचं."

बायकोने शिलाईमशीन थांबवलं. "मग सांगा तसं."

"पाठ दुखतीय म्हणतो."

"पाठ गेल्या महिन्यात झाली. पोट झालं, दाढ झाली. आता काय, गुडघा?" ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "एक मात्र करा, मामांना परत मारू नका. परवाच फोनवर विचारत होते, भाचा रुसलाय का म्हणून."

एरवी तो हसला असता. आता त्याला हसावंसं वाटलं, एवढंच; पण तेही बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं. त्याने फोन उचलला आणि कारखान्याच्या बाईंना लावला.

बाई म्हणजे कारखान्याच्या मालकीण. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि जिभेला धार अशी की काच कापायचं चाक बाजूला ठेवावं. नवरा गेल्यावर सगळ्यांनी विकून टाका म्हणून सांगितलेला कारखाना त्यांनी चालवून दाखवला होता. उशिरा येणाऱ्या माणसाकडे त्या काही न बोलता फक्त चष्म्यावरून बघत, आणि तो माणूस पुढे कधी उशिरा येत नसे.

"बाई, पाठ..." पट्टी म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "झोपून राहा. पैलवानाबरोबर ड्रायव्हरला लावते. उचलतील दोघं."

फोन बंद झाला. पट्टी डोक्यावरून पांघरूण ओढून घेणार तोच ते शेवटचं वाक्य त्याच्या आत पोचलं. ड्रायव्हर भला माणूस होता, टेम्पो तर केसाच्या अंतराने काढायचा, पण जन्मात त्याने मोठी काच उचलली नव्हती. आणि त्याच्या समोर उभा असणार टाके घातलेल्या हाताचा पैलवान.

तो उठून बसला. कसा उठला ते त्याला कळलं नाही.

"निघालात?" बायकोने विचारलं.

"काम करायला नाही. सांगायला."

"काय सांगायला?"

"ते अजून ठरलं नाही."

तिने त्याचा सदरा दोरीवरून काढून दिला. तो उलटा घालायला लागला तेव्हा तिनेच सरळ करून दिला, बटणं लावली. "पाठ सोडून काहीही सांगा," ती म्हणाली.

रस्त्यात दोनदा तो परत फिरायला निघाला. आपण बोललो तर काय होईल, याचे खेळ त्याच्या डोक्यात चालू होते. कुणी हसेल, ते परवडलं. पण कुणी हसलंच नाही आणि नुसतं सांभाळून वागायला लागलं तर? याचं डोकं ठिकाणावर नाही, याच्या हातात काच देऊ नका. एकदा असं झालं की कारागिराचं संपलंच. मग झाडू मारायचा आणि सगळ्यांनी आपल्याशी गोड बोलायचं. त्या गोड बोलण्याचीच त्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती.

कारखान्याच्या दारात टेम्पो उभा होता. ड्रायव्हर मोठ्या हौसेने हातमोजे चढवत होता.

"पाठ बरी दिसतीय!" तो ओरडला.

पट्टी सरळ बाईंच्या खोलीत शिरला.

बाई कुणाशी तरी फोनवर तावातावाने बोलत होत्या. त्याला बघून त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पाठ?"

"पाठ ठीक आहे, बाई. पाठीला काही झालेलं नाही."

"हं."

"मागच्या वेळेलाही काही झालं नव्हतं. पोटालाही नाही. मी खोटं बोललो."

"आणि मामा?"

पट्टीने मान खाली घातली. "जिवंत आहेत."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "गेल्या पंधरवड्यात येऊन आरसा घेऊन गेले. माझा भाचा तुमच्याकडेच असतो, जरा चांगल्यातला द्या म्हणाले. मी त्यांच्यासाठी फुलं पाठवली होती रे तुझ्या घरी! मेलेल्या माणसाला आरसा विकायची वेळ आणलीस माझ्यावर."

ही गोष्ट एवढी भयंकर होती की पट्टीला पळून जावंसं वाटलं. पण बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं, निदान त्याला तसा भास झाला.

"मग बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"म्हटलं, बघू कधी सांगतो ते. बस. आणि आता एकदाच काय ते नीट सांग."

तो बसला. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पार पसार झाली होती. मग जे तोंडात आलं ते तो बोलत गेला. सकाळी उठवत नाही. झोप होते आणि विश्रांती होत नाही. कशातच जीव लागत नाही. कधी कधी काच कापता कापता डोळे भरून येतात, म्हणून पाणी प्यायला मागे जातो. डॉक्टरांकडे जातोय. गोळ्या चालू आहेत. त्या म्हणतात की हा आजार आहे, बरा होतो.

बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मला ते मनाबिनाचं फारसं कळत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी असं काही झालं की लोक म्हणायचे, कामात राहा, जाईल आपोआप. ते खरं आहे का?"

"मीही तेच करून बघितलं. नाही गेलं."

"बरं. मग मला समजेल असं सांग. पाठ दुखली की माणसाला वाकता येत नाही. यात काय येत नाही?"

हा प्रश्न पट्टीला आजवर कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांनीसुद्धा असा विचारला नव्हता.

"पैलवान 'डावीकडे' म्हणतो," तो हळूहळू म्हणाला. "मला ऐकू येतं. पण आत पोचायला वेळ लागतो. मी कुठंतरी खूप खाली बसलोय आणि कुणीतरी वरून हाक मारतंय, असं होतं. मी उठून येईपर्यंत काच वळलेली असते. परवा त्याचा हात तसाच कापला."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. बाहेर ड्रायव्हर कुणाला तरी काच कशी धरायची ते शिकवत होता. ज्याने स्वतः कधी धरली नव्हती, तो.

"हे रोज असतं?"

"नाही. बरे दिवसही असतात. आता ते जरा वाढलेत. वाईट दिवस उठल्या उठल्याच कळतो."

"कळतो ना? मग तेवढंच मला पाहिजे," बाई म्हणाल्या. "नीट ऐक. तू आजारी आहेस म्हणून मला राग नाही. खोटं बोललास त्याचा आहे, आणि तो इतक्यात जायचा नाही. तुझी पाठ धरली असं समजून मी तुला सुट्ट्या देत होते, आणि तू खरं दुखणं लपवून काचा उचलत होतास! यापुढे ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी सकाळी सांगायचं, आज नाही. मी कारण विचारणार नाही. ज्या दिवशी कापायला जमेल पण उचलायला जमणार नाही, तेही सांगायचं. आणि डॉक्टरांची वेळ असेल तेव्हा तोंड लपवून मागच्या दाराने जायचं नाही. समजलं?"

"हो, बाई."

"मी मऊ बोलणारी बाई नाही. मला ते जमत नाही."

"नकाच बोलू," पट्टी एकदम म्हणाला. इतकं मनापासून म्हणाला की बाईंनी त्याच्याकडे चमकून पाहिलं.

मग त्यांनी वाचनालयाला फोन लावला. पट्टी उठायला लागला तर त्यांनी हातानेच बस म्हटलं.

"आज काच येणार नाही," त्या फोनवर म्हणाल्या. पलीकडचा माणूस काहीतरी कुरकुरला. "हो, कबूल केलं होतं. पण आमचा कारागीर आजारी आहे... अहो, आहेत की दुसरे, पण एवढ्या काचेला हाच लागतो. बरा झाला की येईल. नाही, आज ओढूनताणून करायचं काम नाही हे."

कावीळ झालेल्या किंवा पाय मोडलेल्या माणसाबद्दल बोलावं, तशा साध्या सुरात त्यांनी ते सांगितलं. आमचा कारागीर आजारी आहे. पट्टीने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकलं. त्यात कुठेच खोट नव्हती. त्याचे डोळे भरून आले आणि या खेपेला तो पाणी प्यायला गेला नाही. बाईंनी टेबलावरचा हात पुसायचा कपडा, त्यातल्या त्यात स्वच्छ, त्याच्याकडे सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"जा आता घरी," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "आणि जाता जाता त्या ड्रायव्हरला सांग, हातमोजे उतरव."

पैलवान बाहेर चहा पीत बसला होता. पट्टी त्याच्या शेजारी टेकला. बाईंना सांगणं एकवेळ सोपं होतं, असं त्याला आता वाटलं. पैलवानाचा तळहात पांढऱ्या बँडेजमध्ये गुंडाळलेला होता आणि पेला त्याने दुसऱ्या हातात धरला होता.

पट्टीने त्यालाही सांगितलं. बाईंना सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात, कारण पैलवानासमोर लांबण लावायची सवय नव्हती.

पैलवानाने पेला खाली ठेवला. मग एकदम भडकला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस? इतके महिने मी समजत होतो की तू माझ्यावर चिडलायस! घरी जाऊन बायकोला विचारलं मी, माझं काही चुकलं का म्हणून. ती म्हणाली, तुझ्या त्या तोंडाळपणामुळेच झालं असेल. मी बोलायचा बंद झालो, लेका! जेवताना गप्प बसायला लागलो!"

"ते आलं माझ्या लक्षात," पट्टी म्हणाला. "मला वाटलं, तूच माझ्यावर चिडलायस."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पैलवानाच्या पोटातून एक हसू घरघरत वर आलं, पण अर्ध्यावरच थांबलं. त्याने गुंडाळलेला हात मांडीवर ठेवला.

"हे बघ, मी घाबरलोय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "खोटं कशाला सांगू. तुझ्या समोर काच धरायची म्हणजे आता मला भीती वाटणार."

पट्टीला वाटलं होतं की हे ऐकून आपण कोसळू. तसं झालं नाही. उलट बरं वाटलं. कुणीतरी त्याच्याशी गोड बोललं नव्हतं.

"मलाही वाटते," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."

"मग करायचं काय?"

"उचलायच्या आधी मला विचारत जा. आहेस का, म्हणून. मी नाही म्हटलं तर नाही."

"आणि नसताना हो म्हणालास तर?"

"तर तू उचलू नकोस. माझ्या आवाजावरून कळेल तुला."

पैलवानाने यावर खूप विचार केला. विचार करताना तो नेहमी कपाळाला इतक्या आठ्या घालायचा की समोरच्याला त्याची काळजी वाटावी. शेवटी त्याने उरलेला अर्धा चहा पट्टीच्या पुढे धरला. "पी. आणि घरी जाऊन झोप. तोंड बघ केवढंसं झालंय."

पुढचे दिवस काही एका सुरात गेले नाहीत. एका सकाळी पट्टीने फोन करून "आज नाही" म्हटलं, आणि बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. तो दिवसभर पडून राहिला, पण कुठलं खोटं दुखणं शोधून काढायचं नव्हतं, कुणाला मारायचं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी उठून बायकोबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जाण्याइतकं बळ उरलं. दुसऱ्या दिवशी गेला तेव्हा कारखान्यात सगळ्यांना कळलेलं होतं. ड्रायव्हरने त्याला बाजूला घेऊन सकाळी थंड पाण्याने आंघोळ करायचा सल्ला दिला. आणखी एकाने त्याला टाळलं, आणि नंतर त्यानेच एकटं गाठून हळूच डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला. हे दोन्ही पट्टीने शांतपणे घेतलं. कधी तो नुसता कापत बसायचा, उचलायला जायचा नाही. पैलवान रोज विचारायचा, "आहेस का?" आणि तो खरं तेच सांगायचा.

वाचनालयाची काच तोवर घोडीवर उभी होती. तिकडून दोनदा फोन येऊन गेला. बाईंनी दोन्ही वेळा आपल्या धारदार जिभेने तो परतवला.

मग एक सकाळ अशी आली की पट्टी उठला आणि उठलोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तोंड धुताना आलं. तो कामावर गेला आणि पैलवानाने विचारायच्या आधीच म्हणाला, "आहे."

"परत म्हण."

"आहे रे बाबा."

पैलवानाने कान देऊन ऐकलं, मान डोलावली आणि हातमोजे चढवले. बाई स्वतः टेम्पोत पुढे बसून आल्या. कुणी काही विचारलं नसताना म्हणाल्या, मला तिथून एक पुस्तक घ्यायचंय.

वाचनालयाच्या दर्शनी खिडकीला काच फुटल्यापासून फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि आतले वाचक भर दिवसा दिव्याखाली दाटीवाटीने बसले होते. फळ्या निघाल्या. काच धरायच्या रबरी मुठी तिला चिकटल्या. दोघांनी श्वास घेतला आणि ती अख्खी काच उचलली. पायऱ्या आल्या.

"डावीकडे," पैलवान म्हणाला.

पाय गेले. मधल्या पायरीवर पट्टीला आपले हात जरासे थरथरताहेत असं जाणवलं. पूर्वीचा पट्टी तसाच पुढे गेला असता.

"थांब," तो म्हणाला. "टेकव."

त्यांनी काच पायरीवरच्या गोणपाटावर टेकवली. बाई पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. वाचनालयाचा माणूस पुढे होऊन काही बोलणार, तशी त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. तो मागे झाला. पैलवानाने कुठलीही घाई न करता खांद्याने कपाळाचा घाम पुसला. पट्टीने हात झटकले, बोटं उघडमीट केली. रहदारी आपली चालू होती.

"हं," तो म्हणाला. "चल."

काच चौकटीत गेली ती जणू तिथलीच असावी अशी. पट्टीने कडेने फटी बुजवायच्या सिलिकॉनची रेघ ओढली, बोटाने दाबत नेली आणि एका मऊ फडक्याने सगळी काच वरपासून खालपर्यंत पुसून काढली. शेवटी तिथे काच आहे हेच दिसेनासं झालं.

आत पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी मान वर न करताच आपली खुर्ची उचलली आणि थोडी उजेडाकडे सरकवून घेतली.